दलालाचे राहते घर

दलालाने स्वतःचे राहते घर विकायला काढणे हा जमीनजुमल्याच्या धंद्यातला एक वेगळाच व्यवहार आहे. एरवी व्यवहारात तीन माणसे असतात : देणारा, घेणारा आणि मधला. इथे देणारा आणि मधला एकच. त्यामुळे कायद्यात काही फरक पडत नाही. मुद्रांक तेवढाच लागतो आणि दुय्यम निबंधकापुढे अंगठाही तसाच उमटतो. फरक पडतो तो बोलण्यात. मध्यस्थाला पैसे मिळतात ते गिऱ्हाईक आणण्याचे आणि कागद जुळवण्याचे, असा समज आहे. त्यातले निम्मे तरी तिऱ्हाईतपणाचे असतात. ‘मालक साठाच्या खाली येत नाहीत, पण मी बोलून बघतो’ हे वाक्य म्हणजे या धंद्यातले मुख्य हत्यार. स्वतःच्या घरापुरते ते म्यानातच राहते, कारण मालक समोरच चहा ओतत असतो.

मिरजेसारख्या गावात ही अडचण अधिक जाणवते. 1998 साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, पण मिरजेचा घरांचा बाजार अजून ओळखीपाळखीवरच चालतो. जुन्या पेठांमध्ये दगडी जोत्याचे वाडे आणि त्यांच्या वाटण्या होऊन उभी राहिलेली अरुंद, खोल घरे आहेत. विजयनगरकडे, मालगाव रस्त्याला, पंढरपूर रस्त्याला प्लॉट आणि अपार्टमेंट. गिऱ्हाईकही ठरलेले. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले, 1962 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, तेव्हापासून डॉक्टर हा इथला वजनदार खरेदीदार. त्याला तळमजला दवाखान्याला हवा असतो आणि रुग्णवाहिका दाराशी येते की नाही हे तो आधी पाहतो. रेल्वेतून निवृत्त होणारा स्टेशनच्या बाजूला बघतो. कवठेमहांकाळ, जतकडचा बागायतदार मुलांच्या शाळेसाठी घर शोधतो. या सगळ्यांना एजंटचे घर कुठे आहे ते ठाऊक असते. म्हणून एजंटने घर काढले की जाहिरातीआधी बातमी फिरते, आणि बातमीच्या पाठोपाठ प्रश्न : कर्ज झाले का? भाऊबंदकी निघाली का? ज्याला सगळ्या गावाच्या घरांचे गुणदोष माहीत, तोच आपले सोडतो आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा संशय घेणे गिऱ्हाईकाच्या बाजूने अगदी रास्त आहे.

भावाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. त्यावर अमेरिकेत एक नावाजलेला अभ्यास झाला. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या जवळपास 1 लाख घरविक्री तपासल्या. त्यांपैकी सुमारे 3,300 घरे एजंटांची स्वतःची होती. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की एजंटांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे 3.7 टक्के जास्त भावाने गेली आणि साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली. कारण हिशेबातच आहे. 60 लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार. महिनाभर थांबून भाव 62 लाख झाला, तर मालकाचे 2 लाख वाढतात आणि एजंटचे फक्त 4 हजार. तेवढ्यासाठी महिनाभर फेऱ्या कोण मारणार? ‘आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ हा सल्ला एजंट त्यामुळे मनापासून देतो. स्वतःच्या घराला मात्र तो हा सल्ला लावत नाही.

हा अभ्यास वाचून दलाल मंडळींवर राग धरण्याचे कारण नाही. पगारी माणूसही दुसऱ्याच्या दोन लाखांसाठी महिनाभर उन्हात उभा राहत नाही. शिवाय थांबण्यामागे दर वेळी शहाणपण असते असेही नाही. डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांपैकी काहींना मग देऊन टाकले आणि तो कितीला विकाल, असे विचारले. बाकीच्यांना विचारले, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा आकडा सात डॉलरच्या आसपास आला, घेणाऱ्यांचा तीनच्या आत. मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता. ज्या घरात बापाचे आयुष्य गेले, त्याच्या बाबतीत ही तफावत किती होईल, हे सांगायला प्रयोगशाळा नको. लोकांच्या घराचा भाव चटकन सांगणारा एजंट आपल्या घराला पाच-सात लाख चढवूनच बोलतो, असे मिरजेच्या बाजारात सर्रास दिसते. शिकागोच्या एजंटाने थांबून भाव मिळवला. इथला कित्येकदा नुसताच थांबतो.

घराची किंमत काढायची रीत तशी सोपी आहे आणि ती त्याच्याइतकी कोणालाच येत नाही. पेठेतल्या जुन्या घरात भाव जागेचा, म्हणजे गुंठ्याचा. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. बांधकामाला वयाप्रमाणे घसारा लागतो आणि मातीच्या भिंती, माळवद असलेल्या घराचे बांधकाम जवळजवळ शून्यावर येते. सागवानी खांब-तुळया निघाल्या तर लाकडाचे वेगळे पैसे. दर वर्षीचा रेडी रेकनर मुद्रांकासाठी किमान आकडा देतो. खरा भाव शेजारी शेवटचा व्यवहार कितीला झाला त्यावर ठरतो. दुसऱ्याच्या घराला हे सगळे पाच मिनिटांत लावून होते. आपल्या घरात घसाऱ्याचा रकाना आला की हात अडखळतो. फरशी तर सहा वर्षांपूर्वीच बदलली आहे!

घर दाखवतानाही तेच. परक्याचे घर दाखवायचे तर एजंट दहा मिनिटे आधी जाऊन खिडक्या उघडतो, दिवे लावतो, सांडलेल्या चपला कोपऱ्यात सारतो आणि कमी बोलतो. गिऱ्हाईकाला घरात स्वतःचा पलंग कुठे बसेल ते मनात मांडू द्यायचे असते. स्वतःच्या घरात तो बोलत सुटतो. परसातला शेवगा कोणत्या साली लावला, माजघरातला कडीपाट उतरवून स्लॅब कशी टाकली, जिन्याखाली मुलांचा अभ्यास कसा व्हायचा. गिऱ्हाईकाची बायको तोवर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून पाहते आणि विचारते, ‘पाणी किती वाजता येतं? आणि मोरीला वास येतो का?’ तिने एका वाक्यात घराची परीक्षा केलेली असते. देव्हाऱ्याची भिंत पाडून तिथे वॉशिंग मशीन बसेल का, हा पुढचा प्रश्न. परक्याच्या घरात ‘सहज बसेल’ म्हणणारा माणूस इथे गप्प होतो.

मिरजेत घर आणि धंदा एका छताखाली असण्याची जुनी चाल आहे. तिचे ठळक उदाहरण सतारमेकरांचे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेल्या या कारागिरीत पुढच्या खोलीत कारखाना आणि मागे संसार. तुळईला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि त्यातून वाट काढत आत जायचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव वाद्यावर अधिकृतपणे चढले. असे घर विकायचे म्हणजे पत्ता विकायचा. एजंटचे घरही बहुधा याच जातीचे : ओसरीवर टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला नकाशा, बाहेर पाटी. घर गेले की गिऱ्हाईकाची पायाखालची वाटही जाते. व्यवहारात याचा एक रोख परिणाम होतो. पुढच्या खोलीला व्यापारी वापराची घरपट्टी लागलेली असली तर ती बिलावर दिसते, आणि खरेदीदार ते बिल मागतोच.

कागदांच्या बाबतीत दलालाचे घर निर्दोष असेल अशी अपेक्षा असते. ती क्वचितच खरी ठरते. शिंप्याच्या घरी बटणे तुटलेलीच असायची. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मिळकत पत्रिका असते, ती नगर भूमापन कार्यालयातून निघते आणि तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, सत्ता प्रकार आणि धारकाचे नाव असते. हे नाव पुष्कळदा आजोबांचे निघते. मग वारसनोंद करायची. इथे एजंटला आपलेच रोजचे वाक्य स्वतःला ऐकवावे लागते : बहिणींची सही लागेल.

हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मतः सहदायादाचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने 9 सप्टेंबर 2005 रोजी बाप जिवंत असण्याची अट गरजेची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. घरच्यांना हे माहीत नसते असे नाही. पण माहेर विकायच्या कागदावर सही करायला बहीण पुण्याहून येते तेव्हा ती कायद्याचे कलम घेऊन येत नाही. ‘दादा, एकदा सगळ्यांनी मिळून दिवाळी करू आणि मग बघू’ असे ती म्हणते आणि व्यवहार चार महिने पुढे जातो. हक्कसोडपत्र करून घ्यायचे तर ते नोंदवलेलेच हवे. साध्या स्टॅम्प पेपरवर घेतलेली ‘माझी हरकत नाही’ ही सही काही कामाची नाही. लोकांची अशी कागदे एजंटने स्वतः परत पाठवलेली असतात. एका वारसाला आपला हिस्सा परक्याला द्यायचा असेल, तर बाकीच्या पहिल्या वर्गाच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, हेही त्याच कायद्यात आहे.

वाड्याच्या एखाद्या खोलीत जुना भाडेकरू असला तर वेगळेच प्रकरण. मालक बदलला म्हणून भाडेकरू हटत नाही. घेणाऱ्याला हवा असतो मोकळा ताबा. तो नसेल तर भाव तिथेच पडतो.

जाणकार विक्रेत्यावर सांगण्याची जबाबदारी जास्त. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. सांगली-मिरजेत असा पहिला दोष म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या मानाने मिरज गाव उंचावर, आणि इथले एजंट ती उंची भावात लावतातच. पण कृष्णाघाटाच्या बाजूला पाणी चढते. ज्याने 2005, 2019 आणि 2021 साली घरातले सामान वर चढवले, त्याने रंग मारून ती रेघ झाकणे म्हणजे केवळ लबाडी नव्हे, खटल्याचे निमंत्रण आहे. निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशाही दाखवावा. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्यावर पुढची बांधकाम परवानगी अवलंबून असते.

दुसरी जबाबदारी खास दलालाची. एखाद्याने ‘मला घर बघून द्या’ म्हणून त्याला काम सांगितले आणि त्याने स्वतःचेच घर, मालकी लपवून, भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावाने गळ्यात मारले, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 215 खाली तो व्यवहार नाकारता येतो. म्हणून पहिल्याच भेटीत ‘घर माझे आहे आणि मी तुमच्याकडून कमिशन घेणार नाही’ एवढे सांगून टाकणे बरे. महारेरा 2017 पासून एजंटांची नोंदणी करते, पण तिचा रोख नोंदणीकृत प्रकल्पांवर. जुन्या घराच्या फेरविक्रीत जुने कायदेच कामाला येतात.

पैशांची बाजू थोडक्यात. इसार घेताना पावतीवर मुदत आणि व्यवहार मोडल्यास काय, हे लिहावे. साठेखताने मालकी जात नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. मात्र साठेखताबरोबर ताबा दिला की मुद्रांक खरेदीखताइतका लागतो. मुद्रांक 5 टक्के, शहरात त्यावर स्थानिक संस्थेचा 1 टक्का, नोंदणी फी 1 टक्का पण 30 हजारांपुढे नाही. खरेदीदार महिला असल्यास मुद्रांकात 1 टक्का सूट. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का कर कापून भरतो. 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्याला मनाई आहे. ‘वरचे’ रोखीने मागणारा एजंट स्वतःच्या घरातही तोच मोह धरतो आणि पुढे नवे घर घेताना दाखवायला पैसे नाहीत म्हणून अडतो. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर 12.5 टक्के, त्याआधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा हिशेब करून कमी पडेल तो भरता येतो. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या घराला त्या तारखेचे मूल्यांकन चालते. नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते. एजंटला एक पथ्य जास्त : तो स्वतःच्या नावावर घरे घेऊन विकत असेल, तर राहते घर हिशेबाच्या वहीत त्या मालापासून वेगळे हवे, नाहीतर नफा धंद्याचा धरला जाण्याची भीती.

एवढे सगळे पाहता जाणते एजंट स्वतःचे घर दुसऱ्या एजंटकडे देतात. डॉक्टरांच्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सर्जन घरच्या माणसावर सुरी धरत नाही. कमिशन द्यावे लागते आणि ते देताना हात जड होतो, पण ‘मालकांशी बोलून बघतो’ म्हणणारा माणूस परत मिळतो. एजंटने मग गिऱ्हाईक येण्याच्या वेळी घरी थांबू नये. स्टेशनवर जाऊन चहा प्यावा.

खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, दोन ओळखदार, सगळे पाठ असते. फक्त ‘लिहून देणार’च्या खाली पहिल्यांदा स्वतःचे नाव येते. ताब्यानंतर सूची दोनची प्रत घेऊन खरेदीदार नगर भूमापनात फेरफारासाठी अर्ज करतो, महापालिकेत आणि महावितरणमध्ये नावे बदलून घेतो. घरपट्टीकडचा अर्ज राहून गेला तर पुढच्या वर्षीचे बिल जुन्याच नावाने येते आणि नव्या मालकाचा फोन येतो : ‘तुमचं बिल आलंय, घेऊन जाता का?’