काथ्याचा पीळ

नाताळच्या कुस्वारासाठी आमच्या पाळीच्या घरात नारळ सोलले गेले, की सोडणांचा ढीग थेट न्हाणीच्या चुलीकडे जातो. यंदा भावानं त्यातली निम्मी उचलली. त्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये काथ्या आणि काचेचे तंतू पॉलिप्रॉपिलीनमध्ये, म्हणजे खुर्च्या-बादल्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, एकत्र दाबायचे होते. अहवालाची भाषा तपासायला मी बसले (साहित्यवाल्यांना घरात एवढंच काम!) आणि त्यातच अडकले.

आकडे काथ्याच्या बाजूचे नाहीत. काचेचा तंतू २००० मेगापास्कलच्या वर ताण सोसतो, काथ्या त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा. पण काच ४-५ टक्के ताणली की तुटते, काथ्या १५ टक्क्यांच्याही पुढे लांबतो. शिवाय वजनाला निम्म्याहून हलका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण उगीच म्हणत नाही.

खरी गोम चिकटण्यात आहे. काथ्याला पाणी आवडतं, पॉलिप्रॉपिलीनला मुळीच नाही. म्हणून काथ्या आधी कॉस्टिक सोड्यात धुवायचा, प्लॅस्टिकमध्ये दोघांना धरून ठेवणारं रसायन मिसळायचं, आणि उष्णता २००° सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर काथ्या करपतो. न धुतलेल्या काथ्याचा तुकडा भावानं मोडून दाखवला. आत बारीक भोकं होती. तंतू तुटले नव्हते, नुसते सुटून आले होते. वाकवताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून काच बाहेर आणि काथ्या आत.

दिवाडीला होडी इनोव्हेशन्सनं बांधलेलं 'कौंडिण्य' २०२५ मध्ये पाण्यात उतरलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्यात. तिथं काथ्याकडून त्याचा स्वतःचा गुण मागितलाय: लाटेबरोबर थोडं हलणं, खाऱ्या पाण्यात टिकणं. प्लॅस्टिकमध्ये आपण त्याच्याकडून काचेसारखा ताठपणा मागतो. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. भाऊ म्हणतो, तंतूला न्याय-अन्याय नसतो.

आमचं भांडण मात्र एका शब्दावर झालं. अहवालात त्यानं 'पर्यावरणपूरक' लिहिलं होतं. मी म्हटलं, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला काथ्या कुजणार नाही, आणि काच मिसळलेलं प्लॅस्टिक पुन्हा वितळवलं तर तंतू तुटून आखूड होतात, ताकद घटते. मग पूरक कुणाला? बराच वेळ तो गप्प. शेवटी शब्द खोडून त्यानं लिहिलं, 'काचेचा वापर कमी करणारे'. गाईडना ते फिकं वाटतंय. जुना शब्द परत घाला म्हणतात.