नानीचं माहेर

भूगोलाच्या तासाला पुणे जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "आपा, आंबेगाव तालुके में आंबेगाव कहाँ है?" मी उर्दू शाळेत शिकवते. माझं उत्तर ठरलेलं आहे : तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला आणि आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. मुलं हसतात. त्यांना ते कोडं वाटतं. मला हसू येत नाही, कारण माझ्या नानीचं माहेर तिथलं.

नानीचे अब्बा मन्यार. बांगड्या घेऊन डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर फिरायचे. रोख पैसे क्वचित मिळत. बायका भात देत, हिरडा देत. बाजाराच्या दिवशी नानी त्यांच्याशेजारी बसायची आणि हाताचं माप नुसतं बघून ओळखायची. लग्न होऊन ती जुन्नरला आली. पुढे तिची अम्मी गेली, तिला तिथंच दफन केलं. घोड नदीवर धरण झालं, घर पाण्यात गेलं, नानीचे भाऊ मिळालं ते घेऊन भिवंडीला गेले. नानीनं मात्र ते पाणी कधी पाहिलं नव्हतं. विषय निघाला की म्हणायची, "देखके क्या करूँ?"

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा आला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. कुणी शाळेचा दाखला शोधत होतं, कुणी सातबारा. नानीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या पुष्कळ जणांची असते तशी. मी तिला जन्मगावच्या कागदाचं विचारलं. पान लावता लावता ती म्हणाली, "मेरे कागज पानी में हैं." आम्ही हसलो. नंतर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

या नाताळच्या सुट्टीत तीच आपणहून म्हणाली, "चल, एक बार दिखा दे." भावानं गाडी काढली. माझी नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. नानीनं पहाटे उठून मासवडी केली होती. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात मासवडी म्हणजे बेसन, तीळ आणि खोबरं, त्यात मासा शोधून सापडायचा नाही. ती कृती नानी माहेराहून घेऊन आलेली.

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो तेव्हा थंडी अजून अंगाला बोचत होती. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि त्याच्याखाली गेले. हे मी वर्गात शिकवते. नानीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बच्चा इधर का इच्च था?"

डिसेंबरात धरण काठोकाठ असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा नुसतं निळं पाणी, त्यात उलटे दिसणारे डोंगर आणि दोन-चार पाणकावळे. सहलीला आलेली पोरं फोटो काढत होती. मुलगी हिरमुसली, "यहाँ तो कुछ भी नहीं!"

काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळं सोडवत बसले होते. महादेव कोळी. नानी काठी टेकत त्यांच्याजवळ गेली.

"दादा, बाजार कुठंशी भरायचा ओ?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तुमचं मराठी छान आहे, असं म्हणाले नाहीत; आम्हाला हे वाक्य जिथं तिथं ऐकावं लागतं. हात लांब करून म्हणाले, "त्या टेकाडाच्या सरळ रेघेत, मधोमध. तुम्ही कुणाच्या?"

"मन्यारांची."

"होती खरी मन्यारांची घरं. आई नाव काढायची." मग म्हणाले, "होडीनं नेतो की आज्जी. पार वर जाऊन उभं राहता येईल."

मुलगी टाळ्या पिटायला लागली. नानी मागं सरली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "अम्मी की कबर के ऊपर से नाव में जाऊँ?"

मी त्यांना नको म्हणून सांगितलं. कारण नाही सांगितलं, त्यांनीही विचारलं नाही.

नानीनं त्याच पाण्यानं वजू केलं. गुडघे दुखतात म्हणून दगडावर बसूनच हात उचलले. पाणी गार होतं, तिचे हात थरथरत होते. फातिहा मी शेकडो वेळा पढले असेन, पण कबर दिसत नसताना तोंड कुठं करावं ते मला कळेना. शेवटी त्यांनी दाखवलेल्या टेकाडाकडं बघत उभी राहिले.

ते गृहस्थ तोवर भावाशी बोलत होते. त्यांची शेती पाण्यात गेली. वर डोंगराला राहिले. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. धरणातली मासेमारीसुद्धा सहजासहजी मिळाली नाही. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साथीनं इथले आदिवासी झगडले, सहकारी संस्था उभी राहिली. ते ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आमचं एक घर गेलं होतं, यांचं तर पिढ्यांचं रान. शिवाय डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावला जातं आणि तिथून कुकडीच्या कालव्यात. त्या कालव्याखाली माझ्या सासरची जमीन आहे. म्हणजे नानीचं माहेर ज्या पाण्यात बुडालं, त्याच पाण्यावर माझ्या सासरचा कांदा पिकतो. हे मी नानीला अजून सांगितलेलं नाही.

ऊन कलायला लागलं. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं उसातल्या रस्त्यांनी अंधार पडायच्या आत घर गाठायची सवय लागली आहे, म्हणून भाऊ घाई करू लागला. मासवडीचा डबा नानीनं त्या गृहस्थांपुढं धरला. त्यांनी दोन वड्या घेतल्या, एक लगेच तोंडात टाकली. मग नानीनं टोपलीतल्या माशांकडं बोट दाखवलं.

"कसे दिले?"

त्यांनी भाव सांगितला.

"एवढे? माहेरवाशिणीला?" नानी दगडावर नीट सरसावून बसली, आणि पुढचा पाऊण तास आम्ही गाडीशी ताटकळत उभे होतो.