संभाजीनगरला शिफ्ट होताय? आधी पाण्याचा वार विचारा!

ऑफर लेटर हातात आलंय, पॅकेज झकास आहे आणि पोस्टिंग आहे छत्रपती संभाजीनगरला. पुण्या-मुंबईतल्या मित्रांची पहिली रिअॅक्शन ठरलेली असते, ‘अरे, वीकेंडला काय करणार तिथं?’ वीकेंडचं नंतर बघू. आधी सोमवार ते शुक्रवार नीट जगायचं, तर घर कुठं घ्यायचं ते ठरवा. आणि हे ठरवताना नुसतं भाडं बघू नका. दोन गोष्टी बघा... कंपनीचं गेट आणि पाणी!

गेट कुठल्या दिशेला?

इथं ‘एमआयडीसीत नोकरी’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘कुठल्या?’ 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला ते वाळूज शहराच्या पश्चिमेला, पुणे रस्त्यावर. चिकलठाणा आणि त्याच्याही पुढचं शेंद्रा पूर्वेला, जालना रोडवर. स्कोडा इथलीच आणि ऑरिकमध्ये आलेली ह्योसंग ही कोरियन कंपनीही इथलीच. बिडकीन तिसऱ्याच दिशेला, पैठण रोडवर. टोयोटा किर्लोस्करनं 2024 मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून बिडकीनचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे.

शेंद्रा ते वाळूज म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं, साधारण तीस किलोमीटर. तेव्हा शेंद्रा किंवा चिकलठाणा असेल तर सिडको बघा. वाळूज असेल तर बजाजनगर किंवा स्टेशनची बाजू. नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला असेल, तर गारखेडा, उल्कानगरीसारखा मधला भाग बरा. कंपनीची बस असेल, तर तिचा थांबा विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

धरण भरलंय, पण नळाचं काय?

शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, पन्नासेक किलोमीटरवरून. नाथसागर काठोकाठ भरला तरी नळाला रोज पाणी येईल, असं समजू नका. जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला पुरल्याच नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं अनेक भागांत चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं पाणी यायचं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहरी बांधून ज्या शहराला पाणी दिलं, त्याची ही गोष्ट!

म्हणून ब्रोकर ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हणाला की फक्त हसा. मग वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या काकूंना विचारा : नळाला कोणत्या वारी पाणी येतं? जमिनीखालची टाकी केवढी आहे? बोअर मे महिन्यात चालतो का? टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे? बीड बायपासपलीकडच्या सातारा-देवळाई भागात फ्लॅट मोठे, नवे आणि स्वस्त मिळतात, पण हा भाग बरीच वर्षं टँकरवरच जगला. भाड्यात वाचवलेले पैसे टँकरवाल्याला जाणार असतील, तर काय कमावलंत?

कागद पक्के करा

भाडेकरार तोंडी नको. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते. डिपॉझिट कधी आणि काय कापून परत मिळणार, हे करारातच लिहून घ्या. बॅचलर असाल तर ‘फॅमिलीलाच देतो’ हे वाक्य ऐकावं लागेल. कंपनीचं पत्र सोबत ठेवा, मालक जरा नरमतो!

रोजचं गणित

2019 पासून ‘माझी स्मार्ट बस’ धावते, पण शिफ्ट ड्युटी असेल तर स्वतःची टू-व्हीलर हवीच. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. उन्हाळा चाळिशी गाठतो, पण हवा कोरडी, त्यामुळे एसीआधी कूलर घेऊन बघा. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण विमानाच्या तिकिटावरचा कोड आयएक्सयूच आहे. भाषेची काळजी नको. इथली मराठी दखनी हिंदीशी गप्पा मारतच मोठी झालीय. जुन्या शहरात नान-खलिया खाल्लात आणि वर उस्मानपुऱ्यात तारा पान, की निम्मी ओळख झालीच म्हणून समजा.

आणि वीकेंड?

वेरूळ तीस किलोमीटर, देवगिरीचा किल्ला त्याच वाटेवर. अजिंठा शंभरेक किलोमीटर. सुट्टी आठवड्यात मध्येच येत असेल तर लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. पावसाळ्यात म्हैसमाळ. मुंबईला जायचं तर वंदे भारत आहे, जून 2025 पासून पूर्ण झालेला समृद्धी महामार्गही आहे. पुण्याला मात्र सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर रस्त्यानंच बरं पडतं, पाच-सहा तास धरा.

पण दर शुक्रवारी बॅग भरून पळू नका. कॉलनीतली ओळख, चांगला मेसवाला, टँकरवाल्याचा नंबर, रविवारी क्रिकेटला एक गडी कमी पडला म्हणून येणारा फोन... हे सगळं शनिवार-रविवारीच जमतं. पहिले तीन महिने तेवढे इथं काढा. मग मित्रच विचारतील, ‘वेरूळला कधी नेतोस?’ फक्त त्यांना पाण्याच्या वारी बोलवा!