दोन समुद्रांपैकी एक

अरबीत संस्कृतसारखे द्विवचन आहे. बहर म्हणजे समुद्र, बहरैन म्हणजे दोन समुद्र. बहरीनच्या नावाची एक जुनी फोड अशी: वरचा खारा, खालचा गोडा. सौदी अरेबियाकडून चुनखडकाच्या थरांतून येणारे पाणी या बेटांवर आणि भोवतालच्या समुद्रतळावर फुटायचे. त्या दुसऱ्या समुद्राची, आणि त्याच्यासोबत हरवत गेलेल्याची, ही यादी.

समुद्रतळाचे झरे. पाणबुड्या कातडी पिशवी घेऊन बुडी मारायचा. झऱ्यावर पिशवीचे तोंड उघडायचा, भरली की आवळून वर यायचा. चहूकडे खारट, पिशवीत गोडे.

अधारी. मनामाजवळचा मोठा झरा. पाणी पाटाने दूरच्या बागांना जाई, काठची जमीन कोरडी राही. त्यावरून म्हण पडली: अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला विसरते. पुढे बोअर आले, पंप आले, उपसा वाढला, झरा आटला. लांबचा आणि जवळचा सारखेच झाले. पुढे तिथे करमणुकीचे उद्यान झाले.

खजुरीच्या बागा. गोडे पाणी उपसले तशी खाऱ्याने जागा घेतली. विहिरी मचूळ झाल्या, झाडे वाळली, रिकाम्या जागेवर घरे उठली.

हद्रा. खजुरीच्या काड्यांचे उथळ पाण्यातले कुंपण. भरतीला मासा आत येतो, ओहोटीला अडकतो. कुंपणाला लागतो उथळ किनारा, आणि भराव पडतो तोही तिथेच.

दिलमुन या इथल्या प्राचीन संस्कृतीचे उंचवटे. चार हजार वर्षांपूर्वीची थडगी, हजारोंनी. रस्त्यांसाठी, वसाहतींसाठी कित्येक सपाट झाले. जे उरले, त्यांतल्या काहींना 2019 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मोती. आपल्या जुन्या नथीतला ‘बसरा मोती’ बसऱ्याचा नव्हे, या आखातातला. बहरीनचा माल मुंबईच्या बाजारात यायचा; 1965 साली दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये व्यवहारही रुपयातच चाले. जपानी संवर्धित मोती आला, जागतिक मंदी आली, 1932 साली तेल लागले. पाणबुडे तेलाच्या कामाला गेले.

नकाशावर मात्र काहीच हरवलेले नाही. उलट, भराव घालून घालून देश वाढला आहे. नळाला येणारे बहुतेक पाणी समुद्राचेच, मीठ काढलेले. देशाचे नाव अजून द्विवचनी आहे.