त्या गठ्ठ्यावर ठेवा

परवा माझी नात एका शाळेत नोकरीचा अर्ज द्यायला गेली होती. हल्ली सगळं ऑनलाइन असतं म्हणतात, पण या शाळेने जाहिरातीतच लिहिलं होतं की अर्ज समक्ष आणून द्यावा आणि सर्व प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडाव्यात. नात सध्या दुसऱ्या एका शाळेत शिकवते. दुपारी घरी आली ती तणतणतच.

"आजी, गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, मोबाइल नंबर आणि 'कामाचे स्वरूप' लिहायला लावलं. आत गेले तर क्लार्ककाका म्हणाले, त्या गठ्ठ्यावर ठेवा. गठ्ठा खिडकीजवळच्या टेबलावर, उघडाच! सगळ्यात वरच्या अर्जावरचं नाव, पत्ता, जात, जन्मतारीख, आधार नंबर मला उभ्या उभ्या वाचता आलं. म्हणजे माझ्यानंतर येणारी माझं वाचणार. आणि आमच्या मॅडमना कळलं तर?"

"अगं, कोण वाचतंय तुझा अर्ज!" म्हणून मी हसले. पण हसता हसता गप्प झाले. अर्ज कोण वाचतं आणि मग काय होतं, ते मला चांगलंच ठाऊक आहे.

मी पहिला अर्ज केला १९७५ साली. तेव्हा नोकरीचा अर्ज गुप्त ठेवता येतच नसे. प्रमाणपत्रांच्या प्रती टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइप करून घ्यायच्या आणि मग एखाद्या गॅझेटेड ऑफिसरची नाहीतर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायला जायचं. टाइप करणारे काका माझे मार्क बघून म्हणाले, "इंग्रजीत जरा कमी पडलेत वाटतं!" मुलाखतीचं बोलावणं आलं ते पोस्टकार्डावर. पोस्टमननी दारातूनच सांगितलं, "ताई, बुधवारी मुलाखत आहे बरं का." कार्ड माझ्या हातात यायच्या आधी बातमी निम्म्या आळीला कळली होती.

मला त्याचं काही वाटलं नाही. कारण मी तेव्हा घरीच होते, गमावण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्या हातात आधीच एक नोकरी आहे, त्याच्यासाठी मात्र हीच बातमी वेगळी ठरते. हे कळायला मला एकवीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कुणी दिली.

१९९६ ची गोष्ट. आमच्या शाळेत एक जागा निघाली होती आणि आलेले अर्ज लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेतल्या बाईंचा अर्ज होता. सुरेख अक्षर. शेवटी एक ओळ होती, की सध्याच्या संस्थेस कृपया कळवू नये ही नम्र विनंती. ती ओळ मी वाचली होती. वाचलीच नाही असं म्हणायलाही मला जागा नाही.

त्याच आठवड्यात एका प्रशिक्षण वर्गाला त्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. बी.एड.ला आम्ही एकाच वर्गात होतो. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "तुमच्याकडच्या त्या बाई कशा आहेत गं? आमच्याकडे अर्ज आलाय त्यांचा." माझा हेतू चांगला होता. त्यांच्याबद्दल बरं ऐकायला मिळावं, म्हणजे नाव पुढे करता येईल, इतकंच. मैत्रीण म्हणाली, "छान शिकवते." विषय तिथेच संपला.

निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे निवड दुसऱ्याच कुणाची झाली. जूनमध्ये कळलं की त्या बाईंना त्यांच्या शाळेने नव्या वर्षाची ऑर्डरच दिली नाही. संस्थेतलं कुणीसं म्हणालं म्हणे, जिचं मन इथे नाही तिला ठेवायचं कशाला. इकडची जागा मिळाली नाही आणि तिकडची गेली.

गंमत बघा. दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला की मी कपाटाला कुलूप लावत असे. पाहुणे आले तर त्या खोलीचं दारसुद्धा ओढून घेत असे. पण नोकरीचा अर्जही तसाच विश्वासाने दिलेला कागद असतो, तो एकाच कामासाठी दिलेला असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नात म्हणाली, "आता कायदा आहे ना आजी." आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण तो डिजिटल माहितीचा. कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात चढवली तर तिला तो लागू होतो. टेबलावर नुसत्याच पडलेल्या गठ्ठ्याला नाही. त्या गठ्ठ्याची राखण माणसांनीच करायची.

म्हणून तुमच्या घरात कुणी असा अर्ज देणार असेल तर सांगते. अर्ज बंद पाकिटात द्या, वर पदाचं नाव घाला आणि पोच घ्या. मागितलेले नसतील ते कागद जोडू नका. आधार मागितलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत चालेल का, ते विचारा. प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त या अर्जासाठी' असं लिहून तारीख घाला. आणि सध्याच्या ठिकाणी चौकशी करायची असेल तर आधी मला विचारावे, हे स्पष्ट लिहा.

अर्ज घेणाऱ्यांनाही एक विनंती. निवड न झालेल्यांचे कागद फाडून टाका, रद्दीत घालू नका. एकदा स्टाफरूममध्ये आलेली भडंगाची पुडी सोडली तर आत कुणाच्या तरी गुणपत्रिकेची झेरॉक्स निघाली होती. आम्ही सगळ्यांनी मार्क वाचले आणि हसलोसुद्धा.

नात दुसऱ्या दिवशी परत गेली, क्लार्ककाकांकडून अर्ज मागून घेतला आणि पाकिटात घालून दिला. काका जरा कुरकुरले, पण ठेवलं त्यांनी ते आतल्या कपाटात.

आता राहिलेलं सांगून टाकते. पुढच्या वर्षी एका लग्नात त्या बाई भेटल्या. तोवर त्यांना दुसरीकडे तासिका तत्त्वावर काम मिळालं होतं. हळदीकुंकू लावून घेताना त्यांनी मला विचारलं, "आमच्या शाळेत कसं कळलं असेल हो, बाई?" मी म्हटलं, "बोललं असेल कुणीतरी."

त्या बाईही आता निवृत्त झाल्या असतील. ते 'कुणीतरी' म्हणजे मी होते, एवढंच लिहायचं होतं.