साडेचार सेंटिमीटर

माझं सासर साताऱ्याचं, माहेर सांगलीचं. साताऱ्यात घर, कॉलेज, बाजार, मुलीचा क्लास धरून गाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालते. महिन्यातून एखाद-दोनदा मात्र कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली गाठायची, आणि जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर पडतात. जुनी डिझेल गाडी काढायची ठरली तेव्हा आपल्याला प्लग-इन हायब्रिडच हवी, हे माझ्या मनाने घेतलं. इंग्लंडमधल्या मावसभावाकडे तशी गाडी आहे. रात्री घरच्या प्लगला लावायची, दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटर विजेवर फिरायचं आणि लांब जायचं असलं की पेट्रोलचं इंजिन आहेच. आमच्या घराला याहून सोयीचं काय असणार?

पण आपल्याकडे बेताच्या किमतीत अशी गाडी तेव्हा कोणी विकतच नव्हतं. बीएमडब्ल्यूची एक्सएम ही प्लग-इन एसयूव्ही डिसेंबर 2022 मध्ये भारतात आली ती 2 कोटी 60 लाखांना. पुढे बोलणंच खुंटलं. निव्वळ विजेची गाडी घ्यावी म्हटलं तर आई-बाबा सांगलीत जुन्या इमारतीत राहतात. गाडी गल्लीत लावावी लागते, तिथे चार्जिंगची सोय होणार नाही. शिवाय नवऱ्याच्या कामाचं काही सांगता येत नाही, आज सोलापूर तर उद्या चिपळूण.

उरली ती साधी हायब्रिड, प्लगला न लावायची. त्यात वीस लाखांच्या अलीकडे-पलीकडे दोन गाड्या आम्ही नक्की केल्या: होंडाची सिटी हायब्रिड सेडान आणि मारुतीची ग्रँड विटारा हायब्रिड एसयूव्ही. कागदावर दोघींचं मायलेज 27-28 च्या घरात. वजनातही फारसा फरक नाही. एसयूव्ही म्हटलं की चारही चाकांना जोर असेल असं नवऱ्याला वाटत होतं, पण ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये जोर पुढच्याच दोन चाकांना असतो. मग फरक राहिला तो उंचीचा. सिटीचा तळ जमिनीपासून 165 मिलिमीटर, विटाराचा 210. म्हणजे साडेचार सेंटिमीटर.

या साडेचार सेंटिमीटरवरून घरात बरीच चर्चा झाली. सांगलीतले शेजारी एकच सांगायचे, उंच गाडी घ्या, इथे पूर येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. बाबांनी ते पाणी पाहिलंय. ते शांतपणे म्हणाले, ‘‘पाणी वाढायला लागलं की गाडी उंचावर नेऊन लावायची. त्या पाण्यापुढे साडेचार सेंटिमीटर म्हणजे काय?’’ मला ते पूर्ण पटलं. हायब्रिडची बॅटरी मागे खालच्या अंगाला असते, तेव्हा अशी गाडी साचलेल्या पाण्यात घालणं तर आणखीच धोक्याचं. उंचीचा उपयोग गतिरोधकांना आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांना, पुराला नव्हे.

दोन्ही गाड्या मी यवतेश्वरच्या घाटात चालवून पाहिल्या. शोरूमवाल्यांचा मुलगा शहरातच फेरी मारू या म्हणत होता, पण साताऱ्याच्या माणसाने घाटाशिवाय गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सिटीत इंजिन बहुतेक वेळ वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. विटारात टोयोटाची पद्धत आहे, गिअरच्या एका संचातून इंजिन आणि मोटर दोघांचा जोर एकत्र येतो. चढाला मात्र दोन्हींत एकच अनुभव. पहिली दोन-तीन वळणं मोटरची साथ छान मिळते, मग पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा एकेक करून कमी होतात आणि इंजिनाचा आवाज चढतो.

खरी गंमत उतरताना. विटाराची दांडी ‘बी’वर टाकली आणि ब्रेकला पाय न लावता गाडी आवरती राहिली. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारे बाण दिसायला लागले. उताराची वीज होऊन साठतेय, हे बघताना मला फार आनंद झाला. पण तो थोडाच वेळ टिकला. साताऱ्याची घरं अजून बरीच खाली होती आणि बॅटरी भरूनही गेली. या बॅटरीची क्षमता एका युनिटलाही पुरत नाही, पाऊण युनिटच्या आसपास. पुढचा सगळा उतार इंजिनाने गाडी धरून ठेवली आणि ती शक्ती वाया गेली. प्लग-इनची बॅटरी याच्या दहा-वीसपट मोठी असते. तिच्यात कासपासून खालपर्यंतचा अख्खा उतार मावला असता. जी गाडी आम्हाला मिळत नाही तिची किंमत मला त्या वळणावर कळली.

सिटीत एक गोष्ट मला मनापासून हवी होती. समोर अचानक काही आलं तर कॅमेऱ्यावरून ओळखून ती स्वतः ब्रेक लावते. गळीत हंगामात पेठ नाका ते आष्टा रात्री गाडी चालवलेल्याला याचं मोल सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारं वाढं. विटाराच्या हायब्रिडमध्ये ती सोय नव्हती. माझं मत सिटीकडे झुकलं होतं.

मग आईला दोन्ही गाड्यांत बसवून पाहिलं. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सिटीत बसताना तिने एक हात दाराला धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि अंग खाली सोडलं. ‘‘अगं, हे तर पाटावर बसल्यासारखं वाटतंय,’’ ती म्हणाली. उतरताना तिला दोघींनी धरून उठवावं लागलं. विटारात सीट बरोबर कमरेच्या उंचीला आली. ती पाठ टेकवून बसली, पाय आत घेतले आणि दार स्वतःच ओढलं. ते दार तिने ओढल्यावर माझ्यापुरता निकाल लागला. मिरजेला दवाखान्यात न्यायचं ते तिलाच आणि मागच्या सीटवर बसायचं तेही तिनेच. हंगामात दिवस मावळल्यावर सांगलीचा रस्ता धरायचा नाही, एवढा नियम आम्ही घरात करून टाकला.

डिकीचा विचार आधीच करायला हवा असतो. हायब्रिड बॅटरीने सिटीची डिकी 506 लिटरवरून 306 वर आलीय आणि विटाराची त्याहूनही लहान आहे. माहेराहून येताना ज्वारीचं पोतं, बेदाण्याचा खोका आणि भडंग असतंच. मागची सीट पाडली की ते मावतं, आई नसेल तेव्हा.

बाबांना या गाडीत आणखी एक कारण सापडलं. त्यांची नोकरी किर्लोस्करवाडीत झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. मारुतीचं नाव लावलेली ही गाडी बनते मात्र बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. हे कळल्यावर बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला.

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि उपकरासह 43 टक्के असलेला कर 40 वर आला. आम्ही दसऱ्याला गाडी आणली. विजेच्या गाडीला हाच कर 5 टक्के आहे. हायब्रिड काय किंवा प्लग-इन काय, चार मीटरपेक्षा लांब असली की तिला पेट्रोलच्या मोठ्या गाडीइतकाच कर. उत्तर प्रदेशाने 2024 च्या जुलैत या दोन्ही प्रकारांना नोंदणीकर माफ केला होता. आम्ही साताऱ्यात तो पुरा भरला. आठवडाभर विजेवर चालणाऱ्या प्लग-इन गाडीला पेट्रोलवालीच्या रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. कर कमी झाला तर कंपन्या अशा गाड्या इथे बनवायचा विचार तरी करतील. गावात घर, दारात प्लग आणि सव्वाशे किलोमीटरवर आई-बाप, अशी कुटुंबं सातारा-सांगलीत घरोघरी आहेत.