माळेगावची जत्रा : तिथीवार दैनंदिनी

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

जेजुरी, पाली, अणदूर-नळदुर्ग या खंडोबाच्या ठाण्यांच्या बरोबरीने मराठवाड्यात माळेगावचे नाव घेतले जाते. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा ओलांडले की हे गाव लागते. पुढे अहमदपूर, म्हणजे लातूर जिल्हा. जत्रा चतुर्दशीला भरते, पण माळ त्याआधीच भरू लागतो. त्रयोदशीपर्यंत पालं ठोकून होतात, चुली मांडल्या जातात, दावणी लागतात. घोड्यांची रांग वेगळी, गाढवांची वेगळी, उंट आणखी पलीकडे. महाराष्ट्राबरोबर तेलंगण, कर्नाटकातूनही माणसे जनावरे घेऊन येतात.

नव्याने येणाऱ्याला देऊळ आणि बाजार या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. एक भक्तीची, दुसरी पैशाची. माळेगावात ही फारकत करता येत नाही. खंडोबा हा देवच मेंढपाळांचा, घोडेस्वारांचा आणि उदमी लोकांचा आहे. बाजार त्याच्या दारात भरतो तो केवळ गर्दी असते म्हणून नाही.

वद्य चतुर्दशी

प्रत्येक वद्य चतुर्दशी ही शिवरात्र असते आणि खंडोबा हा शिवाचा अवतार. त्यामुळे जत्रेला हीच तिथी धरलेली आहे. या दिवशी देवस्वारी निघते. मानकऱ्यांची पूजा होते, पालखी उचलली जाते आणि ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’चा गजर सुरू होतो. बेल, खोबरे आणि भंडारा पालखीवर उधळला जातो. भंडारा म्हणजे हळदीची पूड. तासाभरात रस्ता, पागोटी, घोड्यांच्या आयाळी, लेकरांचे चेहरे, सगळे एकाच रंगाचे होऊन जाते. पायाखाली पडलेला खोबऱ्याचा तुकडा उचलून कपाळाला लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

अवताराची कथा ‘मल्हारी माहात्म्या’त आहे. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य ब्रह्मदेवाच्या वराने माजले आणि मणिचूल पर्वतावरच्या ऋषींचे आश्रम त्यांनी उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी शिवाकडे आले. शिवाने मार्तंडभैरवाचे रूप घेतले, युद्ध केले आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला विजय मिळवला. तीच चंपाषष्ठी. मराठवाड्यातल्या घराघरांत त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि भाकरीचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे तेव्हापासून पुन्हा ताटात येते.

कथेतला खरा मोलाचा भाग युद्धानंतरचा आहे. मरताना मणी शरण आला, त्याने आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली. ती त्याला मिळाली; कितीतरी ठाण्यांवर मणी पुजला जातो. मल्लाचे नाव तर ‘मल्हारी’ या नावातच राहिले. हरलेल्या शत्रूला आपल्या अंगणात जागा देणारा हा देव अठरापगड जातींना आपला वाटला, यात नवल नाही. मुसलमान भक्तही त्याला मल्लूखान म्हणत आले आहेत.

रात्री पालांपुढे जागरण मांडले जाते. खंडोबाचा उपासक वाघ्या, त्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी (पूर्वी ती व्याघ्रचर्माची असे), हातात दिमडी, मुरळीच्या हातात घाटी, साथीला तुणतुणे. दिवटी पेटली की देवांना आवतन दिले जाते आणि गाण्याला तोंड फुटते. पूर्वी नवसापोटी मुलगी देवाला वाहून मुरळी केली जात असे. त्या प्रथेला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. जागरणाची कला तिच्यावाचून जिवंत राहू शकते.

जागरणात रंगते ती बाणाईची कथा. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिच्याशी सारीपाट खेळताना देव हरला आणि पणाप्रमाणे त्याला बारा वर्षे घराबाहेर पडावे लागले. तो बाणाईच्या धनगरवाड्यावर गेला, ओळख लपवून चाकर राहिला, मेंढरे राखली. एके दिवशी त्याने मेंढरे मारून टाकली आणि बाणाईने लग्नाला होकार दिल्यावर भंडारा टाकून ती पुन्हा उठवली. मग तो तिला घेऊन घरी आला आणि दोघी सवतींचे भांडण जुंपले. वाण्याची लेक आणि धनगराची लेक एकमेकींच्या खाण्यापिण्याची उणीदुणी काढू लागल्या की ऐकणाऱ्यांना ते भांडण ओळखीचे वाटते. पेठ आणि रान यांचा हा जुना वाद आहे. देव मात्र दोघींचा. वाणी आणि मेंढपाळ या जत्रेत देवाचे सारखेच नातेवाईक असतात ते या नात्याने.

अमावस्या

सकाळी तळ्या भरल्या जातात. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा ठेवून पाच जण हात लावतात आणि गजर करीत ताम्हण वर उचलतात. २०२४ मध्ये जत्रा २९ डिसेंबरला सुरू झाली आणि अमावस्या सोमवारी आली. सोमवती खंडोबाच्या भक्तांना विशेष मोलाची.

पशुप्रदर्शनात डोळा ठरतो तो दोन जातींवर. लाल कंधारी ही शेजारच्या कंधारच्या नावाची, गडद तांबड्या रंगाची, कमी चाऱ्यावर आणि कोरडवाहू रानात टिकणारी. देवणी लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाची. तिचे तीन प्रकार पाळणारे लांबूनच ओळखतात: तोंड काळे आणि अंग पांढरे तो वानेरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके तो शेवरा, आणि ठिपके फक्त पोटाकडे असतील तर बालंक्या.

सौदा पाहण्यासारखा असतो. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात पाहते: आदत, दोनदाती, चौसा की जुळलेला. मग खूर, खांदा, चाल. भाव बोलून दाखवायचा नसेल तेव्हा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, उपरण्याखाली हात घेतो आणि बोटे दाबून आकडा सांगतो. भोवती उभ्या असलेल्यांना केवळ चेहरे दिसतात. घोड्याची परीक्षा निराळी. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमण असलेला शुभ. सौदा ठरला की जनावराच्या कपाळी भंडारा लागतो. ज्या देवाचे वाहन घोडा आहे, त्याच्या दारातून घेतलेला घोडा घरी सन्मानाने उतरवून घेतला जातो.

पौष शुद्ध प्रतिपदा

दिवस कुस्त्यांचा. नांदेड, लातूर, परभणीचे मल्ल उतरतात आणि हलगीवर आखाडा तापतो.

शुद्ध द्वितीया

नांदेड जिल्हा परिषद जत्रेत कृषिप्रदर्शन, लोककला महोत्सव आणि लावणी महोत्सव भरवते; त्यामुळे फडातल्या कलावंतांना मोठा मंच मिळतो.

माळेगावची आणखी एक ओळख भटक्या जमातींच्या जातपंचायतींची. वर्षभर गावोगाव हिंडणाऱ्या वैदू, गोसावी, घिसाडी अशा जमाती इथे एकत्र येत. सोयरिकी जमवीत, तंटे मिटवीत, देवापुढे शपथा घेत. ज्यांना कोर्टकचेरीचे दार परके होते, त्यांना ही सोय मोठी होती. पण पंचांचा दंड आणि वाळीत टाकणे यात बायकांची आणि गरिबांची होरपळ झाली, हेही तितकेच खरे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. पंचायतींचा निवाडा आता कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. सोयरिकी मात्र अजून माळावरच जुळतात, आणि जत्रेचे ते काम कोणतीही कचेरी करू शकणार नाही.

शुद्ध तृतीया

बक्षिसे वाटली जातात, पालं उतरू लागतात. न विकलेली गाढवे मागे फिरत नाहीत. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार असतो आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला. पौषातच सातारा जिल्ह्यात पालीला खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. लातूरकडचे शेतकरी नवी जोडी घेऊन अहमदपूरच्या रस्त्याला लागतात. त्यांच्याकडची पुढची मोठी जत्रा महाशिवरात्रीची, लातूरच्या सिद्धेश्वराची.